खुकरीची टेकडी

दीवला लोक समुद्र बघायला जातात, आणि तो आहेच बघण्यासारखा. नागोआचा अर्धगोल किनारा, मऊ वाळू, मागं होकाची झाडं. होका ताडाच्याच कुळातला, पण ताडासारखा सरळसोट न वाढता त्याला फांद्या फुटत जातात. मुलांनी अशी झाडं कधी पाहिली नव्हती. तरी ती सगळी आधी पाण्याकडे धावली. आत्या मात्र गाडीतून उतरली नाही. तिला टेकडीवर जायचं होतं.

माझा धाकटा काका नौदलात होता, ‘आयएनएस खुकरी’च्या इंजिनरूममध्ये. 1971च्या युद्धात पाकिस्तानी पाणबुडीच्या शोधात ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ मुंबईहून निघाल्या. 9 डिसेंबरच्या रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर ‘हंगोर’ या पाणबुडीचा पाणतीर ‘खुकरी’ला लागला आणि काही मिनिटांत ती बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

घरी तार आली, त्यात ‘बेपत्ता’ असं होतं. आजीनं तेवढंच धरून ठेवलं. हर्णैच्या बंदरात डुंबत वाढलेलं पोर, ते बुडेल कसं? “कुठंतरी किनाऱ्याला लागला असेल, सावकाश येईल,” ती म्हणायची. शस्त्रानं किंवा अपघातात गेलेल्यांचं श्राद्ध घातचतुर्दशीला करतात. भाद्रपद लागला की भटजी विचारायचे आणि आजी त्यांना दारातूनच परत पाठवायची. पोहणाऱ्यालाही इंजिनरूममधून वर यायला वेळ लागतो, हे बाबांना कळत होतं. ते तिला कधीच बोलले नाहीत. आजी गेल्यावर त्यांनी पहिलं पान वाढलं. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत.

दीवचं स्मारक 1999 साली झालं. तोवर आजी नव्हती. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याची राखही हाती लागत नाही, त्याच्या आईला जाऊन बसायला एक जागा लागते. ती मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली. एवढा वेळ म्हाताऱ्या आयांकडे नसतो.

चक्रतीर्थाच्या किनाऱ्यालगतच्या टेकडीवर काचेच्या घरात ‘खुकरी’ची प्रतिकृती ठेवली आहे. समोर मोकळा समुद्र. आम्ही गेलो तेव्हा तिथं फोटोंची गर्दी होती. आत्या काचेजवळ गेली, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, “यात इंजिन कुठं असतं रे?” मी जहाजाच्या पोटाकडे, पाण्याच्या रेषेखाली बोट दाखवलं. तिनं त्या जागी काचेवर तळहात टेकवला. “तिथं फार उकडतं, असं लिहायचा पत्रात,” ती म्हणाली. मग कितीतरी वेळ ती त्याच्याशी हळू आवाजात बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही. ते दोघा भावंडांचं होतं.

मुलांना दुसरी ‘खुकरी’ आवडली. बुडालेल्या जहाजाचंच नाव दिलेली ही युद्धनौका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली, 1989 ते 2021 नौदलात होती, आणि आता दीवमध्येच संग्रहालय म्हणून उभी आहे. धाकट्यानं विचारलं, “आजोबा याच्यावर होते?” नाही, म्हटलं, ते आधीच्या जहाजावर. ते जहाज कुठंय, असं त्यानं विचारल्यावर मी समुद्राकडे बोट केलं.

दीवला जाल तेव्हा नागोआला जरूर डुंबा, मुलांना वाळूत मनसोक्त खेळू द्या. पण संध्याकाळी त्यांना या टेकडीवर न्या. फोटोच्या आधी त्यांना 194 हा आकडा सांगा, आणि त्यातले बहुतेक जण साधे नौसैनिक होते हेही सांगा. ते सगळे ‘खुकरी’बरोबर अजून त्याच समुद्राच्या तळाशी आहेत.