कुठपर्यंत येतंय?

माझा धंदा सीसीटीव्हीचा आहे. सांगली, मिरज, तासगाव या भागातली दुकानं, हळदीची गोदामं, बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, सोसायट्या अशा ठिकाणी कॅमेरे बसवायचे आणि बंद पडले की जाऊन चालू करायचे. यातलं बसवणं मी आयटीआयमध्ये आणि साइटवर शिकलो. बंद कॅमेरा चालू करणं मात्र मला ज्यांनी शिकवलं, त्यांनी स्वतः कधी शिडीवर पाय ठेवला नाही. मी पहिली नोकरी केली त्या दुकानाच्या मालकांच्या त्या पत्नी. आम्ही पोरं त्यांना वहिनी म्हणायचो. त्या काउंटरवर बसून तक्रारीचे फोन घ्यायच्या आणि एका लांबट वहीत लिहून ठेवायच्या. त्या वहीवर माझं घर आजही चालतं, हे एकदा लिहून काढायचं होतं.

मी कामाला लागलो तेव्हा बहुतेक कॅमेरे जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचे होते. त्यांच्या तक्रारी ठरलेल्या असत. अ‍ॅडॉप्टर जळाला, बीएनसी कनेक्टर सुटला, नाहीतर उंदरानं केबल खाल्ली. तेवढं बदललं की चित्र यायचं आणि आपल्याला सगळं येतं असं मला वाटायचं. नेटवर्क कॅमेरे आले आणि माझी विद्या तिथंच थांबली. वीज त्याच तारेतून, चित्रही त्याच तारेतून, वर पुन्हा पत्ता, पासवर्ड आणि सेटिंग. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे काय हे मला धड सांगता येत नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. म्हणून मी वस्तू बदलत सुटायचो. आधी जॅक, मग पॅच कॉर्ड, शेवटी कॅमेरा. चित्र आलं तरी ते कशानं आलं, हे मला कळलेलं नसायचं.

वहिनी कॉमर्सच्या पदवीधर. सुरुवातीला आपल्यालाही यातलं ओ की ठो कळत नव्हतं, असं त्या मोकळेपणानं सांगत. त्यांनी एकच केलं होतं. वहीच्या डाव्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणालं ते लिहायचं आणि उजवी बाजू कोरी ठेवायची. पोरगा साइटवरून आला की नक्की कारण काय निघालं ते विचारून उजवीकडे भरायचं. अशा वह्या साठत गेल्या आणि कुठल्या बोलण्यामागं कुठलं कारण असतं, हे त्यांना फोनवरच उमगायला लागलं. मी साइटवरून परत आलो की त्या पेन उघडून बसायच्या. मी म्हणायचो, "झालं वहिनी, कॅमेरा बदलला." त्या म्हणायच्या, "हे काम झालं. कारण सांग." माझ्याकडं कारण नसायचं. उजवी बाजू कोरी राहायची आणि त्या रागवायच्या नाहीत, याचंच मला जास्त लागायचं.

हळूहळू मी त्यांचे फोन ऐकायला लागलो. "व्हिडिओ येत नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पडद्यावर काय दिसतंय?" गिऱ्हाईक म्हणे, काळं. मग त्या विचारायच्या, "काळ्यावर तारीख-वेळ दिसते का? सेकंद पळताहेत का?" सेकंद पळत असतील तर चित्र येतंय, फक्त ते काळं आहे. म्हणजे तार, पत्ता, पासवर्ड सगळं ठीक. दोष भिंगापुढं नाहीतर आतल्या सेन्सरमध्ये. कधी भिंगावर रंगकाम करणाऱ्यानं चिकटवलेला कागदच राहिलेला असतो. पडद्यावर पासवर्ड चुकल्याचा संदेश असेल तर कॅमेरा तारेच्या टोकाला जिवंत आहे. नेटवर्कवर सापडतच नाही असा संदेश असेल, तर मात्र वीज आणि तार यांपासून सुरुवात. मला तोवर सगळे काळे पडदे सारखे वाटायचे. चित्र कुठपर्यंत येतंय आणि कुठून पुढं येत नाही, ती जागा शोधायची असते, हे मला त्या काउंटरशेजारी उभं राहून समजलं.

माझ्या कामात खरा फरक पडला तो तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजच्या तक्रारीनं. तिथला मागच्या गेटवरचा कॅमेरा दिवसभर चालायचा आणि मग जायचा. टेस्टर लावला तर आठही दिवे लागत होते. मी नवा कॅमेरा न्यायला दुकानात आलो. वहिनींनी वहीतून मान वर न करता विचारलं, "जातो किती वाजता?" मी म्हणालो, "संध्याकाळी." "रोज?" "रोज." "मग अंधार पडल्यावर कॅमेऱ्यात काय बदलतं, ते सांग."

बदलतं ते असं. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची विजेची भूक वाढते. पीओई स्विच त्याच नेटवर्क केबलमधून वीज पाठवतो. 2003 सालच्या मूळ मानकाप्रमाणं स्विचच्या पोर्टवर 15.4 वॉट मिळतात आणि 100 मीटर तारेच्या टोकाला 12.95 वॉट पोचतील एवढंच धरलेलं असतं. नेटवर्क केबलची मर्यादाही तीच, 100 मीटर. तिथली तार त्याहून लांब टाकलेली होती, आणि ती निव्वळ तांब्याची नव्हती. वरून तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनिअम. अशा तारेचा रोध जास्त, त्यामुळं वाटेत व्होल्टेज पडतं. दिवसा तेवढ्यात भागायचं. दिवे लागले की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा दिवे लावायचा, पुन्हा बंद पडायचा. टेस्टरला हे दिसत नाही. तो तार सलग आहे एवढंच सांगतो, भार पेलेल का हे सांगत नाही. मधे स्विच ठेवून तांब्याची तार ओढल्यावर तोच जुना कॅमेरा रात्रभर चालला. त्या दिवशी वहीची उजवी बाजू मी सांगितलेल्या कारणानं भरली गेली. वहिनींनी ते लिहून घेतलं आणि पुढचा फोन उचलला.

पत्त्यांचं प्रकरणही त्यांनीच सोपं केलं. दोन कॅमेऱ्यांना एकच आयपी पडला की कधी हा दिसतो, कधी तो. त्या म्हणायच्या, "एसटीत एका सीटची दोन तिकिटं निघाली की काय होतं, तेच." शोधायचं कसं, तर एक कॅमेरा स्विचवरून काढायचा आणि त्याच पत्त्याला पिंग करायचं. तरीही उत्तर आलं, तर तिथं दुसरं कोणी बसलंय. त्याहून नेहमीची तक्रार म्हणजे इंटरनेटवाल्यानं राउटर बदलला आणि सगळं गेलं. कॅमेरे 192.168.1 च्या पट्ट्यात आणि नवा राउटर 192.168.0 चा. कशालाच काही झालेलं नसतं, पण मोबाइलवर एकही चित्र येत नाही. म्हणून "काल काय बदललं?" हा प्रश्न त्या फोनवर हमखास विचारायच्या. वळवाच्या दिवसांत त्याच्या जोडीला "वीज कडाडली होती का?" हाही असायचा, कारण उघड्यावरून आलेल्या तारेमुळं स्विचचं पोर्ट उडतं. तसं असेल तर तोच कॅमेरा दुसऱ्या पोर्टवर लावून बघायला त्या फोनवरच सांगत, आणि कितीतरी वेळा आमची चक्कर वाचे.

पासवर्डच्या बाबतीत त्या कडक होत्या. कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला त्यांना चालत नसे. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसनं असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते, आणि ती बातमी त्यांनी आम्हाला वाचून दाखवली होती. पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजानं ठोकत बसायचं नाही, कारण ठरावीक चुकांनंतर कॅमेरा काही काळ दारच लावून घेतो. नवा पासवर्ड गिऱ्हाईकाच्या हातानं टाकून घ्यायचा. एखाद्या घरात चित्र सुरू झालं, की ते बरोबर आहे एवढं बघून आपण पडद्यापासून बाजूला व्हायचं. "दुसऱ्याचं घर आहे ते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कारागिराची नीती म्हणून मला आजवर कोणी याहून वेगळं काही सांगितलेलं नाही.

पुढं मी स्वतःचं दुकान टाकलं. तंत्र बदलत राहिलं आणि माझं अज्ञान नव्या नव्या रूपात समोर येत राहिलं. नवे कॅमेरे एच.265 मध्ये चित्र पाठवू लागले आणि एच.264 पुरतंच समजणाऱ्या जुन्या रेकॉर्डरवर काहीच दिसेना. कॅमेरा सापडतो, पासवर्ड बरोबर, तरी चौकट रिकामी. कुठं कॅमेऱ्याचं पान ब्राउझरमध्ये उघडे पण व्हिडिओ येत नसे, कारण त्याला लागणारं प्लगइन इंटरनेट एक्सप्लोररपुरतं होतं आणि मायक्रोसॉफ्टनं तो 2022 मध्ये निवृत्त केला. अशा एका अडचणीत मी वहिनींना फोन केला. तोवर त्यांनी काउंटर मुलाकडं सोपवला होता. सेटिंगची नावं त्यांना आठवत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, "रेकॉर्डर बाजूला ठेवून बघितलंस का?" मी लॅपटॉप थेट स्विचला लावला, व्हीएलसीमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपी पत्ता टाकला, आणि चित्र आलं. कॅमेरा निर्दोष होता. वाट अर्ध्यावर तोडून बघायची, हे मला ठाऊक होतं तेही त्यांच्याकडूनच. तरी त्यांनी विचारल्याशिवाय सुचलं नाही.

आज माझ्या दुकानातही तशीच वही आहे आणि फोन घ्यायला एक मुलगी बसते. चित्र परत आलं की कालचं रेकॉर्डिंग उघडून बघितल्याशिवाय आम्ही निघत नाही, कारण पडद्यावर दिसतंय म्हणजे साठवलं जातंयच असं नाही. हाही वहिनींचाच नियम.

त्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर कधी नव्हतं, बिलावरही नव्हतं. फोन करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्यांचा पहिला प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणायचे, "तुम्ही राहू द्या, साहेबांना द्या." त्या फोन मालकांकडं द्यायच्या, मालक ऐकून घ्यायचे आणि उत्तर वहिनींनाच विचारायचे. मी तेव्हा शेजारी उभा असायचो आणि कधी काही बोललो नाही. आता बोलतो. तुमचा कॅमेरा बंद पडला आणि दुकानातल्या बाईंनी फोन उचलला, तर साहेबांना मागू नका. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, आणि त्या विचारतील त्याचं नीट उत्तर द्या.