लाठीचं शिक्षण



गिरणीतली रातपाळी सुटली की मी सवच्या गरम झऱ्यावर येतो. मशीनपुढं उभं राहून आखडलेले पाय पाण्यात सोडतो. मग डोकं चालू लागतं आणि मागल्या जयंतीवर येऊन थांबतं.

मिरवणूक वेशीवर अडली होती. पुढं बंदोबस्त. एक फौजदार तोंड उघडायच्या आधीच लाठी उगारून आला. आमची पोरं तापली. तेवढ्यात एक वयस्क हवालदार मधे शिरला. लाठी काखेत. म्हणाला, "बाबांनो, धा मिनिटं द्या. तुमच्यातला एक जण बोलायला या." बोललो. मिरवणूक गेली. डोकं कुणाचंच फुटलं नाही.

हवालदाराला जे उमगलं ते आता शिकवता येतं. अंतर ठेवा, वेळ घ्या, आधी बोला. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात २०१९ साली पोलिसांना हे शिकवलं. २०२२ साली अभ्यास छापून आला. बळाचा वापर सुमारे २८ टक्क्यांनी घटला, लोकांच्या जखमा २६ टक्क्यांनी, पोलिसांच्या ३६ टक्क्यांनी. म्हणजे शिकवून फरक पडतो. हे नाकारू नका.

पण त्याच शहरात मार्च २०२० मध्ये पोलिसांनी रात्री दार फोडलं आणि ब्रिओना टेलर ही काळी पोरगी तिच्याच घरात गोळ्यांनी मेली. शिकवणी झाली होती. दार मात्र काळ्याचंच फुटलं.

आणि आपल्याकडं? ११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ. लोक रस्त्यावर आले. राखीव दलाच्या गोळ्यांनी १० माणसं मेली. आधी पांगायचा हुकूम, मग गरजेपुरतंच बळ, हे कायद्यात तेव्हाही होतं. गुंडेवार आयोगानं गोळीबार गैर ठरवला. हुकूम देणाऱ्या फौजदाराला कोर्टानं जन्मठेप सुनावली ती २००९ साली. बारा वर्षं!

संयम आपल्याला कुणी शिकवायला नको. तो आपण इथंच, महाडात शिकलो. २० मार्च १९२७. लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. हे आता देवळात शिरणार अशी आवई उठली आणि सवर्णांनी मंडपात घुसून जेवणाऱ्यांना मारलं. आपल्यात पलटणीतले पेन्शनर होते. बाबासाहेबांच्या एका शब्दाची खोटी होती. बाबासाहेब म्हणाले, हात आवरा. त्यांनी आवरला.

शंभर वर्षं होत आली. मार खाणारा संयम पाळतोय. आता लाठीवाल्यानं पाळावा.

म्हणून पुढल्या निवेदनात दोन मागण्या घाला. एक, हे शिक्षण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना द्या. दोन, लाठी चालली, गोळी सुटली की ठरल्या मुदतीत चौकशी करा आणि अहवाल वस्तीत येऊन वाचा. पहिली नुसतीच मिळाली तर भिंतीवर सर्टिफिकेट लागेल. दुसरी मिळाली तर उगारलेला हात विचार करील.

तो हवालदार भला होता. पण आपला जीव कुणाच्या भलेपणावर किती दिवस ठेवायचा?