केडगावची ओसरी

पुण्याहून नगरला जाताना कामरगाव, चास मागे पडले, की शहराच्या अलीकडे चार-पाच किलोमीटरवर केडगाव लागते. नावावरून फसू नये. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर दुसरे एक केडगाव आहे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ रेणुकामातेच्या दर्शनाला म्हणून निघाले आणि त्या केडगावच्या फलाटावर उतरून देवीचे देऊळ विचारत बसले होते.

आपले केडगाव नगरचे. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण एस. टी.त बसणारा माणूस अजून 'एक नगर द्या' असेच म्हणतो. केडगाव महापालिकेत मोडते आणि तरीही ते पुरते शहर झालेले नाही. तीन मजली इमारतीच्या भिंतीला लागून गोठा, गोठ्यापुढे कडब्याची गंजी, आणि पलीकडे मोबाईलचे दुकान. नवरात्रात देवीची जत्रा भरते तेव्हा रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. एरवी गर्दी असते ती ट्रक-टेम्पोंची. येथून बाह्यवळणाने नेप्तीच्या कांदा बाजाराला जाता येते, म्हणून कांदेवाल्यांना हे गाव चांगले ठाऊक.

मीही गेलो तो कांदा घेऊनच. गेल्या हिवाळ्यात रांगड्या कांद्याची गाडी भरून नेप्तीला उतरवली आणि मुक्कामाला केडगावात मावसबहिणीकडे गेलो. घर जुने, पुढे लांबट ओसरी. हातपाय धुऊन टेकलो, तर ओसरीच्या भिंतीवर चुन्याखालून काहीतरी तांबूस डोकावत होते. निरखून पाहिले. गेरूने काढलेली बाराखडी होती. 'क' स्पष्ट, 'ख' अर्धा, 'ग' पार बुजलेला.

"आक्का, चुना मारलास तरी निघाली नाही गं ही?"

"दोनदा मारला. राहू द्या म्हटलं आता. कोरोनातली शाळा आहे ती."

मग चहा झाला, आणि त्या शाळेची सगळी हकीकत निघाली.

वाचकांना तो काळ सांगायला नको, तरी तारखा विसरतात म्हणून सांगतो. मार्च 2020 च्या मध्याला राज्यातल्या शाळा बंद झाल्या. आक्काचा धाकटा तेव्हा पहिलीत होता. परीक्षा न होताच तो दुसरीत गेला, पुढच्या वर्षी तसाच तिसरीत. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीच्या आणि शहरांतल्या पहिली ते सातवीच्या वर्गांना सरकारने मुभा दिली ती 1 डिसेंबर 2021 पासून. म्हणजे पहिलीच्या बाकावरून उठलेले पोर परत बाकावर बसले ते तिसरीच्या. मधले वीस महिने घराने सांभाळायचे होते.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे होईल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने मोबाईलवर रोज अभ्यास येई. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली, बालभारतीच्या पुस्तकांना धरून. पुस्तके मिळाली, पोषण आहाराचा कोरडा शिधा घरी आला. अडचण निराळीच होती. घरात मोबाईल एक, तो दाजींच्या खिशात, आणि दाजी सकाळी सातला दुधाच्या फेरीला. अभ्यास येई दहाला. मोबाईल घरी येई दुपारी दोनला, तोवर त्याची बॅटरी संपलेली. टीव्हीचे म्हणाल तर वीज गेली की त्या दिवसाचा धडा गेला. तो पुन्हा कुणी लावणार?

कडी झाली ती ऑक्टोबर 2021 मध्ये. चार तारखेपासून राज्यात शाळा उघडायच्या ठरल्या. खेड्यांत पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. आक्काची थोरली तेव्हा सातवीत. केडगाव शहरात मोडते, म्हणून तिला घरी बसायचे. शिवेपलीकडे दाजींच्या भावाची वस्ती. त्यांची मुलगी सहावीत, तिला मात्र नियमाने शाळा. एका घरच्या दोन बहिणी, मधे एक बांध. तिकडेही सगळीकडे सरळ नव्हतेच. आपल्याच जिल्ह्यात 61 गावांमध्ये त्याच दिवसापासून दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली. आणि सात तारखेला, घटस्थापनेला, राज्यातली देवळे उघडली. केडगावची देवी लेकरांना भेटली. लेकरांची शाळा मात्र अजून दोन महिने दूर होती.

आता ओसरीच्या शाळेकडे येतो. ती सुरू केली आक्काच्या सासूबाईंनी, म्हणजे घरातल्या एकमेव अशा बाईने जिला सहीसुद्धा येत नाही. पहिला पावसाळा पोर गोट्या खेळण्यात घालवत आहे हे पाहून त्यांनीच दाजींना गेरू आणायला लावला. अक्षरे थोरलीने काढली. सोलापुरात नीलमनगर म्हणून यंत्रमाग कामगारांची वस्ती आहे. तिथल्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते, त्याची बातमी पुढे सगळीकडे गेली. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर कर्ण्यावरून धडे ऐकवणारी 'बोलकी शाळा' निघाली. केडगावच्या या ओसरीची बातमी कुठेच आली नाही.

हिशेब लवकर आला. कांद्याची पट्टी घरात येत होतीच. 12 क्विंटल 40 किलो माल, 1,100 रुपये दर, तर झाले किती? 13,640. त्यातून हमाली गेली, तोलाई गेली, उरले किती? पोर चुकले तर दाजी हसत. चुकून चुकून दुसरीतला पोरगा वजाबाकीत पक्का झाला. दूध मोजताना मापे आली, खताच्या गोण्या लावताना पाढे आले. हे शेतकऱ्याच्या घरात आपोआप होते, त्याचे मला फारसे नवल वाटले नाही.

वाचनाचे तसे नाही. इथे आजीबाईंनी सांगितलेली गोष्ट मी मुद्दाम पुरती लिहितो.

त्या वारकरी घरातल्या. हरिपाठ मुखोद्गत. रोज दिवेलागणीला नातवाने हरिपाठाचे पुस्तक उघडून मोठ्याने वाचायचे, आणि एक शब्द चुकला तरी आजीने टोकायचे, असा नेम घातला. अक्षर न येणारी बाई वाचन तपासू शकते, ते असे. नातू महिन्याभरात घडाघडा वाचू लागला. घरात आनंद. आजीने शेजारणींना बोलावून ऐकवले.

"आन् एक दिवस पाव्हणं, माझं ध्यान त्याच्या बोटाकडं गेलं. तोंड पुढं चाललंय, बोट मागच्याच वळीवर! म्या पान उलटं धरून दिलं. तरी गडी आपला वाचतोयच!"

पोराला पाठ झाले होते. वाचता येत नव्हते.

आजी त्या रात्री जेवल्या नाहीत, असे आक्का म्हणाली. दुसऱ्या दिवशी हरिपाठ देव्हाऱ्यात गेला. तो म्हणायचा, वाचायचा नाही. वाचायला न ऐकलेले काहीतरी रोज नवे हवे. मग बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, औषधाच्या बाटलीवरची सूचना, लग्नपत्रिका, दिनदर्शिकेच्या मागचे पान, किराण्याच्या पुडीचा कागद. त्यातला प्रत्येक शब्द पोराने बोट ठेवून फोडायचा आणि शेवटी त्याचा अर्थ आजीला सांगायचा. आजीला समजला नाही तर पुन्हा. रोज अर्धा तास, बाजाराच्या दिवशीसुद्धा. सहा महिने लागले.

अशी कित्येक पोरे 'पाठ' करून पुढच्या वर्गात गेली असतील. प्रथम संस्थेची 'असर' पाहणी खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन होते. देशातल्या तिसरीच्या 100 मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचणारी 2018 मध्ये सुमारे 27 होती. 2022 मध्ये ती 20-21 वर आली. 2024 मध्ये पुन्हा 27. मुळात 27 हाच आकडा काय मोठा आहे, असे मला वाटते, पण तो निराळा विषय.

हे सगळे ऐकताना मी आजीबाईंचे तोंडभरून कौतुक करणार होतो. त्यांनीच थांबवले.

"धाकट्याचं भागलं. थोरलीचं ऱ्हायलं."

कारण बोट कुठे आहे, शब्द बरोबर फोडला की नाही, हे शेवटी सांगणार कोण? आजीला अक्षर नाही. आक्का गोठ्यात, दाजी फेरीवर. रोजचा अर्धा तास थोरलीचा गेला. आणि मुलगी घरी आहेच म्हणून भाकरी, धुणे, शेणघाण हळूहळू तिच्याकडे सरकले. सहावी आणि सातवी, गणित जिथे अवघड होऊ लागते ती दोन वर्षे. तिला शिकवायला कुणी नव्हते, आणि तिने मागितलेही नाही. दहावीला गणितात जेमतेम सुटली. नर्सिंगला जायची हौस होती. विज्ञान शाखा झेपणार नाही म्हणून कला शाखेत गेली. आता अकरावीत आहे.

"आम्हाला वाटलं, मोठी आहे, तिचं ती बघेल," आक्का म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

सकाळी मी निघालो. धाकटा आता सातवीत. माझी नेप्तीची पट्टी त्याने हातातून घेऊन खडाखडा वाचली आणि विचारले, "मामा, ही वराई कशाची कापली?" मला धड सांगता आले नाही. थोरली दप्तर काखेला मारून रस्त्यावर उभी होती, नगरच्या बसची वाट बघत. मी तिच्याच बसने निघालो. बस भरलेली होती. तिला जागा मिळाली तशी तिने पिशवीतून एक जाड पुस्तक काढले. मी विचारले, कसले गं? आठवीचे गणित होते.

"भाऊ पुढच्या वर्षी आठवीत जाईल ना, मामा. आधी मी करून बघते."