गावचे डॉक्टर

सेवानिवृत्तीनंतर मी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या मूळ गावी राहावयास गेलो. तरुण मंडळी पोटासाठी मुंबईस गेलेली. कोठे ओटीवर एखादे आजोबा, कोठे माजघरात एखादी आजी. या साऱ्यांना आधार होता तो आमच्या डॉक्टरांचा. देवळामागे त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. नाडी पाहण्यापूर्वी ते घरची विचारपूस करीत आणि ऐकलेले कधी विसरत नसत.

माझ्या वृद्ध आत्याला मधुमेह होता. एकादशी जवळ आली की डॉक्टर वाटेवरूनच हाक देत, "आत्या, उपास धरण्याआधी मला विचारा हो! रिकाम्या पोटी ती गोळी घेऊ नका!"

पुढे डॉक्टर निवर्तले. त्यांच्या जागी कोणीच आले नाही. त्या वर्षी आषाढी एकादशीस आत्याने नित्याप्रमाणे गोळी घेतली आणि दुपारी ती परसात घेरी येऊन पडली. भर पावसात तिला तालुक्याच्या गावी नेण्यास दीड तास लागला. रक्तातील साखर फार उतरली होती. तेथील डॉक्टरांनी तत्परतेने उपचार केले, म्हणून ती वाचली. "यांनी सकाळपासून काय खाल्ले होते?" त्यांनी मला विचारले. मी निरुत्तर झालो. घरात फराळाचे झाले होते. पण आत्या त्या दिवशी केवळ पाण्यावर राहते, हे एका छपराखाली राहूनही मला ठाऊक नव्हते. आमच्या डॉक्टरांना ते ठाऊक होते.

जनगणनेनुसार २००१ साली आमच्या जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. डोंगराळ भागात साधारणपणे २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. माणसे घटली की डॉक्टरांची गरजही घटली, असे कागदावर वाटते. परंतु मागे राहतात ते वृद्ध, आणि त्यांनाच डॉक्टर अधिक लागतो. मुलांनो, माणसे मोजताना त्यांची वयेही मोजली पाहिजेत.

गावाने मग दवाखान्यावर नवी कौले घातली. शाळेतील मुलांनी घरोघरी जाऊन प्रत्येक आजीआजोबांची औषधे, उपवास व पथ्ये एका वहीत लिहून काढली. आता आठवड्यातून दोन दिवस एक तरुण डॉक्टरीणबाई येतात. पहिल्याच दिवशी ती वही चाळून त्यांनी विचारले, "आत्या, पुढची एकादशी कधी आहे हो?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आले.