दहा पोत्यांतील दोन

सांगलीच्या बाजारपेठेत आमचे हळदीचे आडत दुकान आहे. रात्री रोजमेळ जुळल्याखेरीज दुकानाला कुलूप लावायचे नाही, हा वडिलांचा दंडक. चार आण्यांचा फरक निघाला तरी मुनीमजी पुन्हा पहिल्या नोंदीपासून आरंभ करीत. चार आण्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे मी लहानपणी विचारले होते. वडील म्हणाले, ‘‘फरक चार आण्यांचा दिसतो, चूक केवढी आहे, हे सापडल्यावरच कळते.’’

या वचनाचा खरा अर्थ गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीने मला शिकविला. ती महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकते. एके संध्याकाळी ती गृहपाठ करीत बसली होती. प्रश्न असा होता : एका मोठ्या मालात शेकडा पाच पोती सदोष आहेत. त्यांतून कोणतीही दहा पोती काढली, तर किमान दोन सदोष निघण्याची संभाव्यता किती? तिने उत्तर काढले होते, शेकडा साडेसातच्या आसपास. दहातून दोन पोती निवडण्याचे प्रकार पंचेचाळीस, हे तिने मांडले होते. ती रीत पाहून मला आनंद झाला. कारण निवडीचे प्रकार मोजण्याचा हा नियम आपल्या महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रहा’त सांगून ठेवला आहे.

मग तिने संगणकावर एक पान उघडले. त्यात गणिताचे सूत्र घालावयाचे नसते. फक्त प्रयोग सांगावयाचा असतो. यंत्र मनातल्या मनात जणू दहा पोती उघडते, सदोष किती ते मोजते, आणि पुन्हा नवी दहा उघडते. स्टॅनिस्लाव उलम या गणितज्ञाला १९४६ साली आजारपणात पत्त्यांचा एकट्याने खेळावयाचा डाव मांडताना ही कल्पना सुचली. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढणे अवघड. त्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटतात ते का मोजू नये, असे त्याला वाटले. जॉन फॉन नॉयमन याच्या साहाय्याने ही पद्धत पुढे संगणकावर आली आणि ‘मॉन्टे कार्लो’ या नावाने प्रसिद्ध झाली.

मुलीने प्रथम शंभर खेपा केल्या. सात वेळा किमान दोन सदोष पोती निघाली. ‘‘जुळला की ताळा!’’ मी म्हणालो. ‘‘नाही अण्णा,’’ ती म्हणाली, ‘‘शंभर खेपांत उत्तर दोन-तीनने सहज इकडेतिकडे होते. खेपा शंभरपट वाढविल्या, की ही हालचाल दहापट कमी होते.’’ तिने दहा हजार खेपा केल्या. आकडा आला ८५८. पुन्हा केल्या, ८६९. म्हणजे शेकडा साडेआठच्या थोडे वर. तिचे उत्तर साडेसात. फरक शेकडा एकचाच. पण दहा हजार खेपांत एवढा फरक योगायोगाने पडत नाही.

ती पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासू लागली आणि मला मुनीमजींची आठवण झाली. चूक सापडली. तिने ‘नेमकी दोन’ सदोष पोती मोजली होती. प्रश्न ‘किमान दोन’ असा होता. एकही सदोष न निघण्याची शक्यता शेकडा ५९.८७, एकच निघण्याची ३१.५१, ही दोन्ही शंभरातून वजा केली, की उरतात सुमारे ८.६. ताळा जुळला. ती समाधानाने उठली. मी मात्र बसूनच राहिलो.

कारण ती दहा पोती माझ्या ओळखीची होती. दोन वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका व्यापाऱ्याचा ट्रक आमच्या दारी आला होता. शेकडा पाचपर्यंत पोत्यांत ओल निघाली तर तक्रार नाही, असे आमचे पंधरा वर्षांपासून ठरलेले. मी दहा पोती उघडली. दोन ओलसर निघाली. दहात दोन म्हणजे शेकडा वीस, असा हिशेब मी जागच्या जागी केला आणि हमालांसमक्ष, त्यांच्या मुलासमक्ष, ‘‘माल मुद्दाम मिसळला आहे,’’ असे बोललो. ट्रक परत गेला. पंधरा वर्षांचा व्यवहार त्या दिवशी संपला.

आता कळत होते की, माल करारानुसार असतानाही बारा खेपांत सुमारे एकदा असे घडू शकते. मी मुलीला सारे सांगितले. ती थोडा विचार करून म्हणाली, ‘‘अण्णा, ओल लागलेली पोती बहुधा शेजारीशेजारी असतात. तुम्ही एकाच बाजूची उघडली असतील, तर हे गणितही लागू नाही. यंत्र आकडेमोड तपासते. गृहीतक आपणच तपासावे लागते.’’ मी खरोखर मागच्या फळीजवळचीच दहा पोती उघडली होती.

तो व्यापारी निर्दोष होता, हे यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की मी जे ठामपणे बोललो ते बोलण्याइतका आधार माझ्याजवळ नव्हता. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली आपल्या शास्त्राच्या पायाविषयी लिहिताना स्याद्वादाची आवर्जून दखल घेतली होती. ‘स्यात्’ म्हणजे गुळमुळीत ‘कदाचित’ नव्हे. ‘या अपेक्षेने पाहता’ असा त्याचा अर्थ. प्रवचनात हा शब्द मी आयुष्यभर ऐकला. दुकानाच्या पायरीवर मात्र तो मला आठवला नाही.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी मी छापील पत्रे पाठवितो. यंदा फोन केला. त्यांना आकडे सांगितले नाहीत. ‘‘त्या दिवशी मी पुरते न तपासता बोललो, तेही मुलासमोर. क्षमा असावी,’’ एवढेच म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘‘उत्तम क्षमा, शेठजी. मुलालाही सांगतो.’’

त्यांचा माल आता दुसऱ्या पेढीवर जातो आणि तो परत यावा, असा आग्रह धरण्याचा मला अधिकार नाही. आमच्या दुकानी एक नियम मात्र बदलला आहे. दहात दोन पोती खराब निघाली, तर ट्रकच्या निरनिराळ्या भागांतून आणखी चाळीस उघडावयाची. तोवर कोणी काही बोलावयाचे नाही. सर्वांत आधी मी.