पाणी सुटलं

आमच्या गावात 'पाणी सुटलं' ही आरोळी कानावर पडली की हातातलं काम टाकून माणसं पळतात. नळाला पाणी येतं ते आठ-दहा दिवसांनी, आणि त्यालाही वेळ ठरलेली नाही. कधी पहाटे चारला, कधी भर दुपारी. गल्लीच्या तोंडाशी कुणाला तरी नळाची घरघर आधी ऐकू येते, ते ओरडतं, आणि मग घागर, कळशी, बॅरल, हाताला लागेल ते घेऊन अख्खी गल्ली लोटते. हीच आरोळी मी 2018 च्या जानेवारीत, गावापासून साडेचारशे किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी ऐकली. तेव्हा माझ्यासोबत आमच्या शाळेच्या स्काऊट पथकातली बावीस पोरं होती.

आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात, तावरजा नदीच्या काठावर. काठावर म्हणायचं ते सवयीनं. माझ्या लहानपणी तावरजा दिवाळीपर्यंत वाहायची आणि विहिरी उन्हाळ्यातही हिरव्यागार पाण्यानं भरलेल्या असायच्या. चुलत्यानं माझ्या पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधला आणि काही न सांगता मला विहिरीत ढकललं. तिसऱ्या दिवशी बिंडा सोडला. दहा-बारा वर्षांचं पोरगं पोहत नसलं तर लोक हसायचे. पुढं बोअर आले, पाणी सहाशे फुटांच्या खाली गेलं, विहिरींत बाभळी उगवल्या. बोअरच्या सहा इंची भोकात कोण पोहणार? माझ्या बावीस पोरांत पोहता येणारे दोघं, तेही मामाच्या गावी शिकलेले. बेडन पॉवेलनं 1907 साली स्काऊटचं पहिलं शिबिर भरवलं ते ब्राउनसी नावाच्या बेटावर, चहूबाजूंनी पाणी. मी वर्गात हे सांगितलं की पोरं माझ्याकडं परीकथा ऐकावी तशी बघायची.

या पोरांना पाणी माहीत होतं ते मोजून घेतलेलं. ती सहावी-सातवीत असताना 2016 चा उन्हाळा आला. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. पाच माणसांपेक्षा जास्त जमायचं नाही, कशासाठी, तर पाण्यासाठी. एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं त्याच गाडीला पन्नास वाघिणी लागल्या. आमच्या गावातली काही पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून ती रेल्वे बघायला गेली होती. जत्रेला जावं तशी. परत येऊन सांगत होती, 'सर, इंजिनाला हार घातल्ता.'

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या हातून एक गोष्ट घडली. स्काऊटमध्ये गणवेश तपासणी असते. स्कार्फ, नखं, कपडे, बूट. सातवीतला एक पोरगा सलग तीन आठवडे मळका शर्ट घालून आला. तिसऱ्या वेळी मी त्याला सगळ्यांसमोर मैदानाच्या कडेला उन्हात उभं केलं. 'स्वच्छतेचा नियम तोंडपाठ म्हणतोस, आणि अंगावर हे?' असं काहीतरी बोललो. तो काही बोलला नाही. आठवडाभरानं रात्री दोनच्या सुमाराला टँकरची वाट बघत मीही घागरी घेऊन विहिरीवर बसलो होतो. तिथं तो दिसला. एकटाच. बाप ऊसतोडीला, माय बाळंतीण. त्याच्या पुढ्यात सहा घागरी होत्या आणि झोप लागू नये म्हणून तो उभा होता. मी मान खाली घातली. त्याला काही म्हणायचं होतं ते त्या रात्री राहिलं, आणि मग राहूनच गेलं.

त्याच वर्षी सप्टेंबर सरता सरता असा पाऊस झाला की मांजरा धरण भरलं. पोरं मोठी झाली. नववीत आल्यावर ती म्हणायला लागली, 'सर, गाठी आन् तंबू लई झाले. काही तरी साहसाचं करू.' कुणीतरी मोबाईलवर कोलाडच्या नदीतल्या रबरी होड्या बघितल्या होत्या. राफ्टिंग. मी घरोघर संमतीपत्रं घेऊन फिरलो. कुणी लगेच पैसे दिले, कुणी म्हणालं तुरीचे आले की देतो. एका आजीनं मला ओट्यावर बसवून विचारलं, 'मास्तर, पाण्यात पडाया पैसे देतेत व्हय?' मला उत्तर सुचलं नाही. त्या मळक्या शर्टाच्या पोराचे पैसे मी भरले आणि शाळेनं भरले असं त्याला सांगितलं.

26 जानेवारीला, शुक्रवारी, झेंडावंदन उरकून संध्याकाळी भाड्याच्या बसनं निघालो. पुणं मागं पडलं तेव्हा अंधार होता. ताम्हिणी घाटाच्या रस्त्यावर उजाडलं आणि खिडकीतून मुळशीचं पाणी दिसलं. बसमधला गलका एकदम थांबला. रस्ता वळतोय, डोंगर वळतोय आणि पाणी काही संपत नाही. मी मास्तरकी सुरू केली. हे धरण टाटांनी विजेसाठी बांधलं. शेती बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढं होते. धरण झालंच. मूळची मुळा नदी पूर्वेला पुण्याकडं जाणारी, पुढं भीमेत, मग उजनीत. पण धरणातलं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला काढलं, पाचशेक मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. वीज मुंबईला गेली आणि पाणी कोकणातल्या कुंडलिकेत.

मागच्या बाकावरून आवाज आला, 'उजनी म्हंजे आपल्याला पाणी आणा म्हणतेत तीच ना सर?'

'तीच.'

'मग हे पाणी हिकडं कामून येलालंय?'

लातूरला उजनीचं पाणी द्या, ही मागणी मी इतकी वर्षं ऐकत आलो. पण उजनीच्या वाटेवरचं पाणी घाटमाथ्यावरूनच उलटं वळतं, हे सांगताना मला स्वतःलाच ते पहिल्यांदा नीट कळत होतं. 'विजेसाठी,' मी म्हणालो. पोरं गप्प बसली. त्यांच्या घरातही वीज होती, भारनियमनासकट.

घाट उतरून नदीवर पोचलो तर निराशा. गोटे उघडे पडलेले, मधून पाण्याची बारकी धार. एकजण म्हणाला, 'ह्याच्यापक्षी आपली तावरजा बरी.' होडीवाल्यांनी लाइफ जॅकेट आवळून बांधली, हेल्मेट दिली, वल्ही दिली. मग सूचना. पाण्यात पडलात तर उभं राहायचं नाही, दगडांत पाय अडकतो आणि पाण्याचा जोर माणसाला आडवं करतो. उताणं व्हायचं, पाय वर, पाय प्रवाहाच्या दिशेला. पडलेल्याला वर घ्यायचं तर हात धरायचा नाही, जॅकेटचे खांद्यावरचे पट्टे धरून आपणच मागं पडायचं. मी अर्धं लक्ष देऊन ऐकलं. मला पोहायला येत होतं ना.

तेवढ्यात वरच्या अंगाला थांबलेला एक माणूस ओरडला, 'पाणी सुटलं!'

आमची तीन पोरं ताडकन उठून उभी राहिली. हातात काहीच नाही हे लक्षात आलं तेव्हा ती आधी एकमेकांकडं बघून हसली, मग आम्ही सगळेच हसलो. होडीवाल्यांना काही कळेना. समोर गोटे एकेक करून बुडत होते. धारेची नदी झाली, नदीला आवाज फुटला. वीजघर सुरू झालं की पाणी येतं, बंद झालं की ओसरतं, त्या वेळा धरूनच होड्या सोडतात, असं होडीवाल्यानं सांगितलं. तो मळक्या शर्टाचा पोरगा, आता मिसरूड फुटलेला, बराच वेळ बघत होता. म्हणाला, 'म्हंजे ही नदी बी पाळीवर येतीय. आपल्या नळासारखी.'

नदीचं अंतर बाराएक किलोमीटर. माझ्या होडीत सात पोरं आणि मागं वाटाड्या. 'फॉरवर्ड' म्हटलं की वल्हं मारायचं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं. पहिल्या धबाबावर पोरं भेदरली, दुसऱ्यावर किंचाळली, तिसऱ्यावर गाणी म्हणायला लागली. चौथ्यावर होडी दगडाला घासली आणि बाहेर फेकला गेलो तो मी.

विहिरीतलं पाणी माणसाला जागच्या जागी धरतं. दोन हात मारले की भिंत, भिंतीला पायरी. इथं भिंत नव्हती. नाका-तोंडात पाणी गेलं आणि चुलत्यानं शिकवलेलं सगळं विसरून मी पाय खाली टाकले, तळ शोधायला. डावा पाय दोन गोट्यांच्या मध्ये गेला. पाण्यानं पाठीवर ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा मला पाण्याचं वजन कळलं.

'सर, पाय वर! पाय वर करा!'

आवाज कुणाचा ते ओळखलं. पाय कसा सुटला ते आठवत नाही. बूट तिथंच राहिला. उताणा होऊन वाहत होडीपाशी आलो, तर त्यानं वल्ह्याची मूठ पुढं केली, मला जवळ ओढलं, जॅकेटचे दोन्ही पट्टे धरले आणि पोहरा ओढावा तसा मागं रेलला. मी त्याच्या अंगावर पडलो. आम्ही दोघं होडीच्या तळात, वरून पाणी. त्याला पोहता येत नव्हतं. त्यानं फक्त सांगितलेलं नीट ऐकलं होतं.

दुपारी काठावर जेवण झालं. पोरं एकाच बुटातल्या मास्तरांची नक्कल करत होती. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि दोन वर्षं राहिलेलं बोललो. 'सातवीत तुला उन्हात उभं केलं होतं. चुकलं माझं.'

तो ओल्या स्कार्फला पीळ घालत होता. म्हणाला, 'मला वाटलं तुम्ही इसरलाव.' मग थोड्या वेळानं, 'शर्ट एकच होता सर. पाणी बी नव्हतं, पण शर्ट बी एकच होता.' आणि उठून पोरांत गेला. मी सगळं दुष्काळावर ढकलून मोकळा झालो असतो, ते त्यानं होऊ दिलं नाही.

संध्याकाळी नदी पुन्हा ओसरली. सकाळचे गोटे वर आले. त्यात कुठंतरी माझा बूट असेल.

सोमवारी पहाटे गावात उतरलो. पोरं पेंगत आपापल्या घराकडं निघाली होती. मी कुलूप काढत होतो, तेवढ्यात वरच्या गल्लीतून त्याचा आवाज आला, 'सर, पाणी सुटलं!' मला वाटलं चेष्टा करतोय. मग नळाची घरघर ऐकू आली, आणि पिशवी तिथंच टाकून मी घागर आणायला पळालो.