नंदी अलीकडे, देव पलीकडे

दिवाळी सरली, पहाटे अंगावर दुसरं पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की आमच्या चिकोडी-निपाणी भागात रविवारची चुळबूळ सुरू होते. कुणी आंबोलीला निघतं, कुणी राजहंसगडावर, कुणी हलसीच्या भूवराह-नरसिंहाला. गोकाकचा धबधबा मात्र हिवाळ्यात बघण्यात अर्थ नाही. ५२ मीटरवरून कोसळणारी घटप्रभा तोवर दोरीएवढी होते. पण करदंटूसाठी जायचं असेल तर जरूर जा, डिंक आणि सुकामेवा थंडीतच अंगी लागतो!

आमच्या घरचा रविवार गेली काही वर्षं ठरलेला आहे. एकसंब्याहून दूधगंगेचा पूल ओलांडायचा, दानवाडला महाराष्ट्रात शिरायचं आणि पुढे खिद्रापूर. जेमतेम तासाभराची वाट. गाडी मी चालवते, शेजारी सासूबाई, मागे हे आणि लेक. सासूबाईंना आम्ही सारे 'अत्ती' म्हणतो. माझं माहेर मराठी, सासर कन्नड, त्यामुळे गाडीत दोन्ही भाषांची मिसळ चालते. अत्ती माझ्याशी मराठी बोलते, नातीशी कन्नड, आणि रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीशी त्या क्षणी तोंडात येईल ती. पूर्वी या पुलावर मोबाइलचं रोमिंग लागायचं, तेवढीच काय ती सीमेची खूण. बाकी दोन्ही तीरांवर तोच ऊस, तीच काळी जमीन.

हिवाळ्यातल्या या वाटेचं सुख सांगायचं तर सकाळी साडेआठला निघावं. उसाच्या पाचटावर दव असतं, गुऱ्हाळाच्या बाजूने काकवीचा वास येतो. निपाणीकडून येत असाल तर तंबाखूचा उग्र वास आधी. याच तंबाखूसाठी १९८१ साली शरद जोशींबरोबर शेतकरी महामार्गावर बसले होते, हे आमच्या पिढीने घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं. परतताना मात्र अंधार पडू देऊ नये. कारखान्यांचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा न लावता चालतात. मी साडेपाचला घरात असते. हे कुरकुरतात, कुरकुरू देत.

माझा भाचा इंग्लंडात लीड्सजवळ असतो. तिथे डिसेंबरात दुपारी पावणेचारलाच सूर्य मावळतो, तरी लोक रविवारी थर्मासमध्ये चहा भरून रानात फिरायला जातात म्हणे. पायवाट कुणाच्या शेतातून गेली असली तरी तिच्यावरून चालण्याचा कुणालाही कायद्याने हक्क असतो. फाटक उघडायचं, पलीकडे जायचं आणि आठवणीने परत लावायचं, एवढीच अट. फोनवर हे ऐकून अत्ती म्हणाली, "आपल्याकडे फाटकच लावून टाकलं होतं की."

ती २०२१ सालाबद्दल बोलत होती. अत्तीची धाकटी बहीण दानवाडच्या पुढच्या एका गावात दिली होती. दोघींचं माहेर येडूरजवळचं. एक अलीकडे राहिली, एक पलीकडे गेली, आणि साठ वर्षं हा पूल त्यांना घरच्या उंबऱ्यासारखा होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तपासणीच्या दाखल्याशिवाय सोडत नव्हते, आडवाटांवर मातीचे ढीग होते. बहीण गेल्याचं कळलं ते दुपारी, आणि संध्याकाळी फोनवर सगळं उरकल्याचं कळलं. अत्ती रडली नाही. भाकरीचं पीठ मळत बसली, पुरून उरेल एवढं.

पुढच्या हिवाळ्यात तिनेच म्हटलं, कोपेश्वराला जाऊ. तेव्हापासून आम्ही जातो. देवळाचं वर्णन किती करावं? स्वर्गमंडपाला ४८ खांब, वर छताच्या जागी गोल आकाश, खाली तेवढीच गोल शिळा. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री चंद्र त्या गोलात येतो, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. म्हणून आम्ही पुढच्या एखाद्या साध्या रविवारी जातो. बाहेरून देऊळ हत्तींच्या पाठींवर उभं आहे. त्यातल्या कित्येकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. २०१९च्या महापुरात कृष्णेचं पाणी इथेही शिरलं होतं, देऊळ जागचं हललं नाही.

शिलालेखांपाशी लेक रेंगाळते. यादव राजा सिंघणाचा शके ११३६चा लेख देवनागरी लिपीत, संस्कृतात आहे. बाकीचे काही हळेकन्नडात. शाळेतल्या कन्नडच्या बळावर ती एखादं अक्षर ओळखते आणि ओरडते, "अज्जी, हे 'क' बघ!" अत्ती दगडावरून बोट फिरवते आणि म्हणते, "नन्ग ओदाक बरंगिल्ल." मला वाचता येत नाही. तरी बोट फिरवणं काही थांबत नाही. सीमाप्रश्नावर भाषणं करणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकदा या भिंतीपाशी डबा घेऊन यावं असं मला वाटतं. असो.

या शिवालयासमोर नंदी नाही. लोक सांगतात, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून येडूरला गेली ती परतलीच नाही. कोपलेला शिव इकडे, त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर होऊन त्याच्या शेजारी, आणि नंदी तिकडे येडूरलाच. म्हणजे देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात! पाहुण्यांना हे सांगताना आम्ही हसतो. अत्ती हसत नाही. "अंव अल्ले उळदान," एवढंच म्हणते. तो तिथेच राहिला.

एवढ्या फेऱ्या झाल्या, पण बहिणीच्या गावच्या फाट्यावर तिने कधी गाडी थांबवू दिली नाही. मीही कधी आग्रह केला नाही. ज्या घरात शेवटचं तोंड पाहायला जाता आलं नाही, तिथे नंतर चहाला कसं जायचं? यांना वाटायचं, एकदा न्यायलाच हवं. आमचे यावरून दोन-तीनदा खटकेही उडाले.

गेल्या हिवाळ्यात एळ्ळमावस्येच्या आदल्या रविवारी परतताना फाटा आला आणि अत्ती म्हणाली, "वळव." मांडीवर शेंगाहोळग्यांचा डबा होता. मला वाटलं होतं, तो देवळात खायचा राहून गेला.

दारात बहिणीची सून जोंधळा पाखडत होती. "मावशी!" म्हणून ती उठली आणि सूप हातातून सुटलं. दोघी पडवीत बसल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, आम्ही मळ्यात निघून गेलो होतो. परत आलो तेव्हा अत्ती बहिणीच्या घोंगड्यावर बसून सुनेला दुसऱ्या दिवशी चरग कसा शिंपायचा, बाजरीची भाकरी किती जाड थापायची, ते बजावत होती. सून "हो मावशी, हौदु मावशी" म्हणत होती.

निघायच्या वेळी अत्ती उठलीच नाही. चार दिवस राहते म्हणाली. ट्रॉल्या रस्त्यावर यायच्या आत पोचायचं म्हणून मी घाई केली. शेजारच्या रिकाम्या सीटवर लेक येऊन बसली.

शुक्रवारी फोन केला, रविवारी न्यायला येतो म्हणून. म्हणाली, "इथे हरभरा सोलायचाय. पुढच्या रविवारी या."